पुंगळ्यांना लागलेली धग

काडतुसाची पितळी पुंगळी चकचकीत दिसली, म्हणजे तिची निगा नीट राखली गेली आहे असे समजावे का? हा प्रश्न घेऊन मी लिहायला बसले आहे. उत्तर एका शब्दात देता येईल. पण ते माझ्यापर्यंत ज्या वाटेने आले ती सांगितल्याशिवाय त्या शब्दाला वजन येणार नाही, आणि त्या वाटेवर मला शोभेल असे फारसे काही नाही.

आधी पुंगळी म्हणजे काय ते पाहू. रायफलीच्या काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत बारूद, तळाशी ठिणगी देणारी छोटी टोपी, आणि या तिघांना सांभाळणारी पितळेची पुंगळी. बार उडाला की पहिल्या तिघांचे काम संपते. पुंगळी मात्र उरते, आणि धुऊन, मोजून, तपासून ती पुन्हा भरता येते. आपल्या लोटीसारखे तिलाही बूड, पोट, खांदा, मान आणि तोंड असते. बार उडताना मान आणि पोट क्षणभर फुगून पुन्हा आत येतात, म्हणून मान थोडी मऊ हवी. बूड मात्र कठीणच हवे, कारण नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ पाहणारा वायूचा सगळा दाब तेच अडवून धरते. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा.

मी पुण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे, आणि शिक्षक कमी पडले की सातवीला मराठी व्याकरणही. यजमानांची नोकरी आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या एका कंपनीत लागली आणि आम्ही ओंगारला घर घेतले. कॉलेजात असताना एनसीसीत मी बरी नेमबाजी केली होती. येथे आल्यावर काही वर्षांनी, एका हिवाळ्यात घरात बसून जीव विटला, तेव्हा मी पश्चिमेकडे तासाभरावर असलेल्या एका रायफल क्लबाची सभासद झाले. क्लबाची इमारत म्हणजे जुने शेतघर. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, मागे मातीचा बांध घातलेले मैदान. पुंगळ्या पुन्हा भरण्याचे काम आमच्याकडे कुणी घरी करत नाही. त्या शेतघरातल्या एका कुलूपबंद खोलीतच, आणि ज्यांच्याकडे परवानगी आहे त्यांच्या नजरेखाली, ते चालते.

ती परवानगी ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. येथे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, तशी मीही मारते. पण मनात मी त्यांना मास्तरच म्हणते, आणि येथेही तसेच म्हणेन. त्यांच्या भाषेत तू आणि तुम्ही यांत भेद नाही. वयाचा मान राखून, त्यांच्या तोंडी मी स्वतःसाठी ‘तू’ घातले आहे.

मास्तरांकडे पुंगळ्यांचा एक खास संच होता. सगळ्या एकाच कारखान्यातल्या, एकाच घाण्यातल्या, तराजूवर तोलून निवडलेल्या. दर काही बारांनंतर ते प्रत्येकीची मान बर्नरच्या ज्योतीवर क्षणभर फिरवून मऊ करीत आणि त्या वेळी बूड स्वतःच्या उघड्या बोटांत धरीत. बोटांना चटका बसू लागला की थांबायचे. बूड तापू द्यायचे नाही, याची ती त्यांची मोजपट्टी. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. यंदाचा मोसम शेवटचा, असे ते हिवाळ्यापासून सांगत होते. उन्हाळ्याच्या अखेरीस लांब पल्ल्याची स्पर्धा होती. ती या संचाने खेळायची, आणि मग रायफल विकून कुत्रा पाळायचा, असा त्यांचा बेत होता.

वापरलेली लक्ष्यपत्रे मी पल्ल्यानुसार लावून ठेवते हे पाहून त्यांनी मला पुंगळ्या धुण्याचे काम दिले. मला त्याचा अभिमान वाटला. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, मग तीन स्वच्छ पाण्यांतून काढणे: आम्लाचा अंश राहता कामा नये. अमोनिया असलेले कुठलेही पॉलिश पितळेजवळ आणायचे नाही, कारण ताणाखालच्या पितळेला त्याने बारीक तडे जातात. हे सगळे त्यांनी एकदा सांगितले आणि मी पाठ केले.

वसंतातल्या एका रविवारी मी त्यांचा तो संच धुऊन टॉवेलवर पसरला होता. मास्तर घाईत होते. कोट चढवता चढवता म्हणाले, “हॉट प्रेसमध्ये ठेव, रात्रभर. सकाळी ग्रँड होतील.”

ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत छान, झकास. मी होकार दिला आणि ते गेले.

आता माझे तर्कशास्त्र पाहा. आमच्या पुण्यात प्रेस म्हणजे इस्त्री. त्या कुलूपबंद खोलीत प्रेस म्हणजे पुंगळ्या आकारात आणण्याचे दांड्याचे यंत्र. पण आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट, हे मला ठाऊक होते, आणि त्याची मला ऐटही होती. ओंगारच्या मराठी मंडळींत नवे कुटुंब आले की त्यांना हा शब्द मीच समजावून देत असे. तेव्हा मी सातवीच्या वर्गात करत असे तसा विग्रह केला. गरम असे कपाट ते हॉट प्रेस, कर्मधारय समास. स्वयंपाकघरात गरम असे कपाट कोणते? ओव्हन. बहुव्रीही समासात अर्थ दोन्ही पदांच्या बाहेर असतो, हे मी मुलांना पीतांबराचे उदाहरण देऊन वर्षानुवर्षे शिकवले होते. तेव्हा ते मला आठवले नाही.

विचारता आले असते. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई, आमच्या क्लबातल्या सर्वांत अचूक नेमबाज, त्याच वेळी तेथे कप विसळत होत्या. पण प्रेस शब्दावर इतरांना धडे देणाऱ्या बाईने हॉट प्रेस म्हणजे काय, असे विचारावे? मला लाज वाटली. ती लाज मी गिळली.

पुढची चूक गणिताची होती. रात्रभर ओव्हन चालू ठेवणे म्हणजे विजेची नासाडी. मग मी व्यस्त त्रैराशिक मांडले: मंद आच रात्रभर, तर मोठी आच तासभर. ओव्हनच्या बटणावरचे आकडे पुसले गेले होते. मी बटण बरेच पुढे फिरवले आणि तासाने दार उघडले. पिवळ्या पुंगळ्या तपकिरी झाल्या होत्या, आणि कित्येकींच्या बुडाशी पारव्याच्या मानेसारखी जांभळट झाक होती. मला वाटले, साबणाचा डाग. मी घाबरले नाही, हे आज मला सर्वांत जास्त बोचते. त्या आठवड्याच्या आमटीसाठी ब्लँचर्डस्टाउनच्या दुकानातून घेतलेली चिंच पिशवीत होती. देवघरातली समई उजळावी तशा मी त्या एकेक करून चिंचेने उजळल्या, धुतल्या, पुसल्या. जांभळी झाक नाहीशी झाली. इतक्या सुंदर पुंगळ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी मास्तरांनी एक पुंगळी खिडकीशी धरून फिरवून फिरवून पाहिली. मग ती हातोहात सगळ्यांकडे गेली. टपालवाल्या बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या की हिला आमच्या पॅरिशच्या चर्चकडे पाठवा, तिथली मेणबत्त्यांची घरं पोपच्या भेटीपासून कुणी घासलेली नाहीत. मला चिंचेबद्दल विचारले गेले, आणि मी उभे राहून आम्ल, ऑक्साइड आणि पितळ यांवर एक छोटासा पाठच घेतला. मास्तर शेवटच्या बाकावरच्या शहाण्या मुलासारखे ऐकत होते. संच त्यांनी भरायच्या खणात ठेवला.

त्याच आठवड्यात एका सकाळी मुलीला शाळेची जर्सी सापडेना. तिला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र ती इथल्या इंग्रजीत देते. ती जिन्यावरून ओरडली की जर्सी हॉट प्रेसमध्ये आहे का. मी खालून विचारले, ओव्हनमध्ये कशाला असेल?

ती कठड्यावर ओणवी झाली. “ओव्हन? आई, यू’र गॅस.” तुझी कमाल आहे, असा त्याचा अर्थ. मग तिने वरच्या मजल्यावरचे ते कपाट उघडले, ज्यात गरम पाण्याची टाकी असते आणि टाकीभोवतीच्या फळ्यांवर मी इतकी वर्षे तिचे ओलसर मोजे, यजमानांचे बनियन, पाहुण्यांचे टॉवेल वाळवत आले होते. मी त्याला टाकीचे कपाट म्हणत असे. त्याला काही नाव असेल असे मनातही आले नव्हते. मी फळीवर तळहात ठेवला. ती माणसाच्या हाताइतकीच गरम होती.

मुलीने वडिलांना सांगितले, दोघेही हसले, आणि मीही हसले. हसता हसता मला ती जांभळी झाक आठवली.

धातूंबद्दल एक गोष्ट येथे सांगायला हवी. आपल्याकडे कोयत्याला पाणी देतात: लालबुंद तापवून पाण्यात बुडवले की लोखंड कठीण होते. पितळेचे तसे नाही. ते तापवले की मऊ पडते, आणि पाण्यात बुडवून त्याला कठीणपणा परत देता येत नाही. पुंगळीच्या बुडाला कारखान्यात दाबून जो कठीणपणा दिलेला असतो, तो धगीने गेला की गेला. हे मी शाळेत शिकवले होते.

मी मास्तरांना फोन केला. ओव्हन हा शब्द तोंडातून निघेना. मी एवढेच म्हणाले की तो संच भरू नका, मी शनिवारी येऊन सांगते. सुदैवाने त्यांनी एकही पुंगळी भरली नव्हती. त्यांनी कारण विचारले नाही. त्यामुळे शनिवारपर्यंतचे दिवस जास्तच जड गेले.

शनिवारी त्या खोलीत मी सगळे सांगितले. त्यांनी विचारले की ओव्हन किती तापला होता. मला माहीत नव्हते. किती वेळ? तासभर. आणि मग मी, मला सांगायला संकोच वाटतो, युक्तिवाद करू लागले. घरगुती ओव्हन फार तर इतका तापतो, पितळ खऱ्या अर्थाने मऊ पडायला त्याहून जास्त उष्णता लागते, तेव्हा बहुतेक पुंगळ्या बहुधा शाबूत असतील. कागदही घेतला मी. चुकीचे उदाहरण फळ्यावरून पुसले जाऊ नये म्हणून एखादा विद्यार्थी फळ्यासमोर उभा राहतो, तशी मी माझ्या आकड्यांसमोर उभी होते. मास्तरांनी मला मध्येच तोडले नाही. मी थांबल्यावर ते म्हणाले,

“असेलही तुझं बरोबर. यांतली एक आत्ता भरून देतो. गाल टेकवून उडवशील?”

मी हातातला कागद खाली ठेवला.

“मग मीही नाही,” ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. असता तर मला उभे राहायला काही आधार मिळाला असता. ज्या चेहऱ्यासमोर ते बूड फुटले असते तो माझ्यासमोर बसलेला होता, आणि इतका वेळ मी आकडेमोड करत होते.

तेवढ्यात टपालवाल्या बाई चहा आणि स्कोनची, म्हणजे इथल्या गोडसर पावांची, बशी घेऊन दारात आल्या. माझी आकडेमोड त्यांनी बाहेरून ऐकली होती. कुठल्या ओव्हनमध्ये, त्यांनी विचारले. आमच्या क्लबात ओव्हन एकच आहे. त्यांनी बशीकडे पाहिले. गेल्या रविवारचे स्कोनही त्यांनी त्यातच गरम केले होते. टोपीच्या काजळीत शिसे असते. धुतल्याने बरेचसे जाते, सगळे गेले असे म्हणता येत नाही. म्हणून पुंगळ्यांसाठी वापरलेले भांडे, चाळण किंवा ओव्हन पुन्हा अन्नाला वापरायचे नसते. हे मास्तरांनी शांतपणे सांगितले, आणि त्या दिवसापासून तो ओव्हन बंद झाला.

बाई स्कोन उलटून पाहत म्हणाल्या, “पुढच्या वेळी पुंगळ्यांना लोणी लाव गं. चिकटणार नाहीत.”

मास्तरांना हसू आले. त्यांनी मलाही हसायला जागा करून दिली होती, हे मला कळत होते. पण हसता आले नाही. मराठीत या अवस्थेला बरेच शब्द आहेत. चूक पकडली गेली की माणूस खजील होतो. कुणी सुनावले की वरमतो. पण समोरच्याने रागवायचे सोडून चांगुलपणाने वागावे, आणि त्या चांगुलपणाखाली आपल्याला जागा सापडू नये, तेव्हा माणूस ओशाळतो. मी ओशाळले.

मग मास्तरांनी पक्कड आणली. दुसऱ्या, साध्या संचातली एक पुंगळी घेऊन तिचे पोट बुडाजवळ हलकेच दाबले. ते दबले आणि सोडताच पूर्ववत झाले. माझ्या हातून भाजलेल्यांपैकी एक घेतली. ती दबली आणि तशीच राहिली, ओल्या मातीवर बोट उमटावे तशी. दुसरी बरीचशी परत आली. तिसरी अर्धवट. त्यांनी उरलेल्या माझ्यासमोर ओळीने उभ्या केल्या आणि यांतल्या चांगल्या कुठल्या ते दिसण्यावरून सांग म्हणाले. सगळ्या सारख्याच झळकत होत्या. ती जांभळी झाक शिल्लक असती तर त्यांनी गेल्याच रविवारी, खिडकीशी धरल्याबरोबर, ओळखले असते. धग लागल्याचा जो एकच पुरावा डोळ्यांना दिसू शकत होता, तो मी चिंच लावून, मन लावून, घासून टाकला होता.

शंका असलेल्या पुंगळ्या नुसत्या फेकायच्या नसतात. कुणी उचलून त्या पुन्हा भरील. त्या चेपून टाकायच्या असतात. अर्ध्या त्यांनी चेपल्या, अर्ध्या मी. वर्षानुवर्षे तोलून जमवलेला संच बादलीत पडत होता आणि आम्ही दोघे दुसरे काहीतरी बोलत होतो. मला वाटते, स्लायगोकडच्या रस्त्याबद्दल.

उन्हाळाअखेरची स्पर्धा मास्तर विकतच्या काडतुसांवर खेळले. त्यांच्या रायफलीला ती मानवत नाहीत हे आम्हा सर्वांना माहीत होते. मी मागे दुर्बिणीशी बसून त्यांचे बार कुठे लागतात ते लक्ष्याला घड्याळ मानून, तीनवर, नऊवर, असे सांगत होते. मधल्या वर्तुळात लागलेला बार सांगताना माझा आवाज वर जाई आणि बाहेरचा सांगताना खाली, म्हणून त्यांनी न वळता मला सांगितले की फक्त घड्याळाचा काटा सांग, हवामान नको. निकालात त्यांचा क्रमांक मध्यावर लागला. पहिल्या आलेल्या टपालवाल्या बाईंनी त्यांना विचारले की कुत्र्याचे नाव ठरले का. ते म्हणाले, अजून नाही.

गाड्या निघू लागल्या तेव्हा ते माझ्याकडे आले. त्यांच्या दोन्ही हातांच्या ओंजळीत त्या दिवसाच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. त्यांनी त्या माझ्या ओंजळीत ओतल्या.

“नव्या आहेत. एकाच घाण्यातल्या. टोप्या मी काढून देईन. तू धू, तीन पाण्यांतून काढ, आणि मग…”

ते थांबले. गाळलेली जागा भरण्यासाठी शिक्षक विद्यार्थ्याकडे पाहत थांबतो, तसे.

“हॉट प्रेसमध्ये,” मी म्हणाले.

“म्हणजे कुठे?”

“वरच्या मजल्यावर. टॉवेलांच्या कपाटात.”

“ग्रँड,” ते म्हणाले.

मोसम शेवटचा होता की नाही, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्या पुंगळ्या मी धुतल्या आणि शेतघराच्या वरच्या मजल्यावरच्या त्या कपाटात, टॉवेलांपासून दूर, वेगळ्या थाळीत ठेवल्या. दोनदा जाऊन फळीवर हातही ठेवून पाहिला. त्या आता कोरड्या आहेत, किंचित मंद पिवळ्या आहेत, आणि मी त्यांना घासलेले नाही.

आता प्रश्नाचे उत्तर: नाही. चकाकी एवढेच सांगते की कुणीतरी घासले आहे. पुंगळीने किती दाब सोसला, तिला कुठे धग लागली, तिची मान किती वेळा मऊ केली गेली, यांतले काहीही ती सांगत नाही, आणि पुष्कळदा लपवते. मंद पण कोरडी, तडा नसलेली, जिचे मागचे सगळे माहीत आहे अशी पुंगळी, झळकणाऱ्या अनोळखी पुंगळीपेक्षा बरी. जिच्याबद्दल खात्री नाही, ती चेपावी.

मात्र हे मी लिहिले म्हणून खरे मानू नका. खात्रीने बोलताना माझे काय होते ते आपण वाचलेच आहे. आपल्याजवळ जाणते कोणी असेल त्यांना विचारा, शब्दाचा अर्थही विचारा, आणि हे सारे स्वतः तपासून पाहा, ही विनंती.